तणसावरची जागा

फुटबॉलचा सामना दाखवायला मोबाइलनं पुन्हा पैसे मागितले, मागच्यापेक्षा जास्तच. वैतागून फोन ठेवला, तर अंगणातल्या नव्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा वास आला आणि नागभीडजवळची, धान कापून मोकळी झालेली बांधी आठवली.

तिथं बाहेरगावच्या टीमा खेळायच्या. तिकीट नव्हतंच, बसायला ज्यानं त्यानं घरून तणसाची पेंडी आणायची. एकदा माझ्या पेंडीवर एक अनोळखी बाई येऊन टेकली. “सरक वो पोरी, आमाले बी पाहू दे.” मी चिडूनच सरकले. तणस पायांना टोचत होतं. गोल झाला तेव्हा तिनं मलाच घट्ट कवटाळलं.

आज शेवटी पैसे भरले. सामना सुरू झाला, आणि मी खाटेवर उगाच, कोणाला तरी जागा होईल इतकी सरकून बसले.