कणगीखालची घूस

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची, साठ सालच्या आसपासची गोष्ट. मुळशीतल्या आमच्या घरात पेरणीसाठी राखलेलं आंबेमोहोराचं भात बांबूच्या कणगीत असायचं आणि ती कणगी माझ्या ताब्यात होती. चैत्रात झाकण काढलं तर भात हातभर खाली गेलेलं. सासूबाई म्हणाल्या, "भाताला पाय फुटल्यात. नेऱ्याची वाट धरली आसंल."

नेरे माझं माहेर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण सुनेनं उलट बोलायचं ते कसं? मी सापळा लावला. त्यातलं खोबरं वाळून गेलं, उंदीर काही आला नाही. सासूबाईंचे टोमणे मात्र दोन्ही वेळच्या जेवणाबरोबर येत राहिले.

वाडीवरची एक कातकरीण आमच्याकडे करवंदं विकायला यायची. बांधातले उंदीर उकरण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. न राहवून मी तिला सगळं सांगितलं. तिनं कणगीपाशी बसून जमीन हुंगली.

"रोज सारवतीस व्हय?"

"रोज," मी तोऱ्यात म्हणाले.

"मंग घूस तूच पोसलीस. तीन दिस हितं हात लावू नगंस."

तिची करवंदांची पाटी तिच्याच डोक्यावर पालथी घालावी असं वाटलं. तरी ऐकलं. तिसऱ्या दिवशी कणगीच्या बुडाशी भुसभुशीत मातीचा ढीग! हीच माती मी रोज पहाटे भिंतीचे पोपडे समजून झाडत होते आणि बिळाच्या तोंडावर शेणाचा हात फिरवत होते. माझ्या टापटिपीनंच चोर झाकला होता.

चौथ्या दिवशी कातकरीण भोक पाडलेलं मडकं घेऊन आली. त्यात गोवरी आणि मिरच्या पेटवून तिनं बिळात धूर फुंकला. तो मागच्या लाकडांच्या ढिगाखालून निघाला. तिथं तिनं धोंडा लावला आणि टाचेनं जमीन ठोकत ठोकत चालू लागली. एका जागी पोकळ वाजलं तशी थांबली. "हितं कोठार." कोपरभर उकरलं आणि खाली आमचं भात! पुढं मी मोठमोठे शिकलेले लोक पाहिले, पण त्या टाचेइतकं शहाणपण मला कुठं दिसलं नाही. घूसही तिनं शेपटीला धरून बाहेर काढली.

सासूबाई सूप घेऊन धावल्या. "बियाणं हाय आमचं."

"आई, बिळातलं उकरणाऱ्याचं," कातकरीण म्हणाली. "तुमच्या सासूच्या वक्ताला बी आसंच व्हतं."

खरंच होतं ते. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. मग त्या बाईनं ओंजळभर भात उचललं आणि सगळ्यांदेखत माझ्या पदरात ओतलं.

"घे बाय. तुझ्या म्हायेरी गेल्यालं माघारी आलं."

मी तिथंच हमसून हमसून रडले. सासूबाई माझ्याकडे बघेनात. थोड्या वेळानं त्या खाली बसल्या आणि खड्ड्यातलं उरलेलं भात आपल्या हातानं तिच्या पाटीत भरू लागल्या.