लेकीनं विमान वर न्यायला लावलं

लेकीच्या विमानात मी पहिल्यांदा बसलो, तेव्हाही मनात शंका होतीच. हैदराबादहून कोल्हापूरला येणारं पंख्याचं छोटं विमान. लेक को-पायलट, आणि तिच्या शेजारी पिकल्या केसांचा कॅप्टन. मी आत चढलो तसे त्यानं हात जोडले. एवढा मोठा माणूस आपल्याला हात जोडतोय म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलं. काय करणार, स्वभावच तसा.

कोल्हापूर आलं तेव्हा आभाळ लख्ख होतं. खिडकीतून ऊस दिसला, मग आमचं गाव गडमुडशिंगी, घरांचे पत्रे, रस्त्यावरची ट्रॅक्टर-ट्रॉली. आता टेकणार म्हणून मी पाय घट्ट रोवले. आणि कसलं काय! एकदम मोठा आवाज झाला, विमान नाक वर करून उठलं आणि माझं पोट खालीच राहिलं.

"काय झालं ओ?" मी शेजारच्याला विचारलं.

"काय हुतंय, पावणं! पुढं बाई बसलीया न्हवं? तिला जमलं नसंल की!" चार रांगांना ऐकू जाईल असा तो बोलला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं होतं. तेवढ्यात स्पीकरवर तिचाच आवाज आला. आपण एक वळसा घालून पुन्हा उतरतोय, काळजीचं कारण नाही, म्हणाली. आवाज अगदी शांत. घरी काही लपवायचं असलं की ती अशीच शांत बोलते, म्हणून मला जास्तच धास्ती बसली.

दुसऱ्या खेपेला विमान अलगद टेकलं. सगळे उतरले तरी मी जागचा हललो नाही. ती बाहेर आली तसं विचारलं, "तू चुकलीस काय?"

"न्हाय, आबा. सर चालवत होते. वर न्या, असं मी सांगितलं."

"तू? त्यांना?"

मग ती माझ्या शेजारी टेकली आणि समजावू लागली. हवा स्वच्छ असली की धावपट्टी डोळ्यांनी बघत उतरायची परवानगी मिळते. पण डोळा फसवतो. आज आम्ही जरा उंच होतो, वेगही जास्त होता. ठरलेल्या उंचीपर्यंत खाली येईस्तोवर सगळं जाग्यावर बसलं नाही, तर उतरायचा हट्ट सोडायचा. दोघांपैकी कुणीही ‘गो अराउंड’ म्हटलं की दुसऱ्यानं वाद न घालता वर न्यायचं, टॉवरला कळवायचं, आणि धावपट्टी नजरेत ठेवून वळसा घालून परत यायचं. का, कशासाठी, ते सगळं खाली आल्यावर.

"आणि त्यांनी ऐकलं?"

"लगेच."

मला हे पटेना. साखर कारखान्यात मी गव्हाणीवर होतो, उसाच्या मोळ्या आत जातात तिथं. एकदा पट्टा घासतोय म्हणून मी इंजिनिअर साहेबांना सगळ्यांसमोर म्हटलं, मशीन थांबवा. त्यांनी थांबवलं. पट्टा खरंच फाटत आला होता. पाठ थोपटली माझी, चहा पाजला. आणि पुढच्या हंगामात मला बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगावर धूळ खायला पाठवलं. मोठ्या माणसाचा डूख असा असतो, हसतमुख. पोरीनं किती कष्टानं ही नोकरी मिळवली होती, आणि आता हा कॅप्टन तिच्या मुळावर उठणार, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही.

कॅप्टन टोपी घेऊन बाहेर आला. परत हात जोडले. मग मात्र मला राहवेना.

"साहेब, पोर लहान हाय. तुमच्यासारख्या माणसाला असं सांगायला नको हुतं तिनं. तेवढी तिची तक्रार करू नका."

"आबा!" लेक माझ्यावर खेकसली. कानापर्यंत लाल झाली होती.

तो थांबला. माझ्याकडं नीट बघून म्हणाला, "काका, ती गप्प बसली असती, तर केली असती."

त्याच्या तोंडावर कुठं हसू दडलंय का, ते मी शोधत राहिलो. नव्हतं.