वादातल्या रानातला हुरडा

मी वकील आहे आणि संशयी आहे. सेलूच्या कोर्टात इतकी वर्षं टिकलो तो संशयामुळेच. समोरच्या पक्षाचा चहा घेत नाही, त्याच्या गाडीत बसत नाही. देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघत उन्हात वाळलो, पण अशी लिफ्ट घेतली नाही. बायको म्हणते, "तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा चौकशी करून घ्याल." असू दे. सनद गेली तर मी दिवसभर घरी बसेन, आणि ते तिलाच सोसणार नाही.

पण हुरड्याला आमच्याकडे नाही कोण म्हणतं? गेल्या थंडीत एका वकील मित्रानं आम्हा तिघांना गाडीत घातलं. "वालूरकडं पाहुण्याचं रान हाय, चला." मी पाहुण्याचं नाव विचारलं, तर म्हणाला, "तुमी हुरडा खायला निघालाव का उलटतपासणीला?" सगळे हसले.

रानात आगटी पेटलेली होती, कणसं भाजायला घातलेली. पाहुणा तिशीतला, अनोळखी. बाकीच्यांना त्यानं सतरंजी दाखवली. मला मात्र हाताला धरून बाजेवर बसवलं आणि चोळलेला गरम हुरडा ओंजळीत दिला. तेवढ्यात कुणाचा तरी मोबाइल वर झाला, नेमका माझ्याकडं. मनात पाल चुकचुकली.

"रान कुणाचं हे?"

"आपलंच समजा, साहेब."

सरळ माणूस असं उत्तर देत नाही. मी उठून चौफेर बघितलं. पूर्वेला वालूरचा रस्ता, दक्षिणेला ओढा, पश्चिमेला पडकी विहीर, उत्तरेला बांध. ही चतुःसीमा मीच दाव्यात लिहिली होती, फक्त रान कधी पाहिलं नव्हतं. एका विधवा बाईचा हिस्सा तिच्या दिरानं दाबून ठेवला होता, त्याचा तो दावा.

"तुम्ही तिच्या दिराचे कोण?"

"पोरगा," तो हसत म्हणाला.

हुरडा मी ताटलीत ठेवला. मित्र म्हणाला, "दोन दाण्यानं काय होतंय?" त्याला आधीपासून माहीत होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. बाईचा भरवसा उडाला तर तिचा दावा खिळखिळा होणार, आणि तिनं तक्रार केली तर माझी सनद धोक्यात. मी चालत रस्त्यावर आलो आणि तिथूनच तिला फोन लावला. कुठं उभा आहे, कुणी आणलं, फोटो कसा काढला, सगळं सांगितलं.

"खाल्ला का?" तिनं विचारलं.

"नाही."

"फोटू कवाच आलाय, साहेब. 'तुमचा वकील फुटला' म्हणून. तवापासून फोन हातात घिऊन बसले. तुमचा येतो का न्हाई, तेच बघायले होते."