मोजणीवाला

घुग्घुसला आमच्या घरामागे सिमेंट कारखान्याची चिमणी आहे आणि खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर. खाण वाढली की घरं जाणार, अशी गावात चर्चा होती. एका सकाळी एक म्हातारा रस्त्याकडेला स्टुलावर बसून, एक डोळा मिटून, लांब धरलेल्या पेन्सिलीने आमच्याकडे काहीतरी मोजत होता. आईचा चेहरा उतरला.

"मोजणीवाला आला वाटते. तू कॉलेजात जाते ना, जाऊन विचार."

मी घाबरतच विचारलं, "काका, आमचं घर मोजून राह्यले का?"

तो हसला. "मोजून तर राह्यलो बेटा, पण घेऊन नाई जात."

त्याने मांडीवरचं चित्र दाखवलं. चिमणी, डोंगर आणि धुळीतलं पिवळं ऊन. रोजचंच होतं, पण इतकं भव्य मला कधी दिसलं नव्हतं.

मागून आलेल्या आईने चित्र न्याहाळलं. "भाऊ, यात आमचं घर कुठी आहे?"

त्याने ब्रश भिजवून डोंगराच्या पायथ्याशी आमची निळी भिंत काढली.

"मंग बसा, चहा आणतो," आई म्हणाली.

खाणीचं अजून काही ठरलेलं नाही. कॉलेजातून येताना मी कधी कधी पेन समोर धरून, एक डोळा मिटून घर मोजते. टोपणाएवढंच भरतं, पण जागेवर असतं.