घाटातल्या भोंग्यावरचा लेझर

देशाचं गुपित मी बैलगाडा शर्यतीच्या घाटात भोंग्यावरून फोडलं, तेही स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लिहून. तेव्हा मी जेमतेम अडुसष्टची; अक्कल यायला अजून अवकाश होता.

नात लढाऊ विमानांच्या कामावर होती. नक्की काय करतेस म्हणून मी फार छळलं तेव्हा एकदा ओट्यावर बसून म्हणाली, "आजी, उसातनं बिबट्या पुढं आला तर काय करतो आपण?"

"डोळ्यावर बॅटरी मारतो."

"तसंच. क्षेपणास्त्र इंजिनाची धग धरून विमानाच्या मागं लागतं. आमी त्याच्या डोळ्यावर लेझर मारायचा. ते आंधळं झालं, की विमान सुटलं."

यंदा यात्रेला येणार नाही म्हणाली. सोमवारी विमानावर पहिली चाचणी होती. तो लेझर वळवणारा भाग तिने चार वर्षं खपून केला होता. "सोमवारचं तुझ्यापाशीच ठेव." मी देवळाकडे बघून मान डोलावली.

यात्रेत घाटात ज्याची बारी सुटते, म्हणजे ज्याचे बैल पळतात, त्याच्या घरादाराचं कौतुक भोंग्यावर होतं. शेजारणीचा नातू दुबईला असल्याचं तीनदा पुकारलं. आमच्या बैलांची बारी आली आणि मला राहवेना. निवेदकाकडे चिठ्ठी धाडली.

"ऐका पावणं! आजीबाई लिहित्यात, सोमवारी त्यांची नात विमानावरनं लेझर मारनार! क्षेपणास्त्र आंधळं! भिर्रर्र!"

मी पदर सावरून चौफेर हात जोडले, जणू बैलांच्या जागी मीच पळाले होते. समोरचे मोबाइल ती शर्यत जगभर दाखवत होते, हे माझ्यासारख्या शहाणीच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नात बॅग घेऊन दारात. कामावरचा पास काढून घेतला होता, चौकशी लागली होती. मागोमाग दोन साहेब आले. चिठ्ठी कुणाची, तारीख आणखी कुणाला सांगितली, फोनवर कोण कोण बोलतं. चहा तसाच निवला.

"चूक माझी हाय साहेब. पोरीला कशापायी धरता?"

थोरले साहेब शांतपणे म्हणाले, "आजी, गप्प राहायची सही तुम्ही केली नव्हती. तिने केली होती."

तीन आठवडे फोन फडताळावर होता. तो वाजला की दोघींच्या हातातला घास थांबायचा. एकदा गॅसवाल्याचा आला, तर नात रडली. मला एक शब्द बोलली नाही. त्यापेक्षा बिबट्या परवडला.

शेवटी तो फोन आला. ती परसात जाऊन बोलली. परत आली, चूळ भरली, मग म्हणाली, नोकरी राहिली. पण चाचणी पुढे ढकलली आणि तिला दुसऱ्या कामावर टाकलं. तो भाग आता दुसरंच कुणी विमानावर चढवणार.

नोकरी राहिली एवढंच ऐकून मी साखरेचा डबा काढायला उठले. तिने मनगट धरून मला खाली बसवलं.

"आजी, नवी तारीख आता मलाबी ठाऊक न्हाई. आता खुशाल भोंग्यावर बोल."