न चिकटवलेलं इंजिन

बेसा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ टाकाऊ वस्तूंची अंतराळयानं बनवतात. कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी धरून बघतात. मिक्सरचं तुटलेलं कपलर, दाढीचा रेझर, शाम्पूचं झाकण, खेळण्यातल्या रणगाड्याची चाकं, सगळं पक्कं चिकटवायचं आणि वरून करडा रंग मारायचा. मग मला बोलावून विचारतात, "वळखा बरं, हे काय होय?" मी "रेझर" म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. वस्तू ओळखू आली म्हणजे यान फसलं, असा त्यांचा हिशोब.

बाबा गेले, त्यानंतर मी त्यांचा दम्याचा पंप कचऱ्यात टाकायला निघालो होतो. हे जिन्यातच भेटले.

"काहून फेकून राहिले भाऊ? मले द्या."

दिला, पण मनातून चिडलो. घरातलं माणूस गेलंय आणि याला सुटे भाग सुचतात!

परवा त्यांनी नवं यान दाखवायला बोलावलं. सगळं यान करडं, फक्त मागे इंजिनाच्या जागी बाबांचा पंप, तसाच निळा.

"हा तर लगेच ओळखू येतो," मी म्हणालो.

"येऊ द्या ना. चिकटवला बी नाही मी त्याले. मनात आलं तं काढून घेऊन जाजा."

मी पंप काढला, उलटा धरून बराच वेळ बघितला आणि परत यानाला लावून दिला.