वाशिष्ठी आणि गायकवाड

वाशिष्ठीवर पोस्टिंग झाल्याचा सिग्नल आला तेव्हा मी सुट्टीवर डोंबिवलीत घरी होतो. हुद्दा लेफ्टनंट कमांडर. पण ज्याच्याकडे जहाजाची कमांड, त्याला नौदलात कॅप्टनच म्हणतात, जहाज केवढंही असो. वडिलांनी विचारलं, केवढं आहे? मी म्हटलं, गस्तीचं आहे, जुनं, साठेक माणसांचं. म्हणजे आपल्या सोसायटीएवढंच, ते म्हणाले. आईचं म्हणणं पडलं की सोसायटीपेक्षा बरं, तिथं पाण्याच्या टाकीवरून कुणी भांडणार नाही.

आईला काय माहीत! वाशिष्ठीवर गोड्या पाण्याचं मशीन दर पंधरवड्याला बंद पडायचं आणि अंघोळीवरून रोज कुरबुर चालायची. जुनी म्हणजे फारच जुनी बोट. रंगाचे इतके थर की खरवडलं तर कुठला रंग निघेल याचा भरवसा नाही. डावं इंजिन शहाणं, उजवं नखरेल. सकाळी सहाला हँड्स कॉल, म्हणजे सगळ्यांना उठवायची हाक, मग डेक धुणं, सातला गॅलीतून कांदा परतल्याचा वास थेट ब्रिजवर, जिथून मी जहाज चालवायचो तिथं. चहा इतका गोड की दातांचं वाटोळं व्हावं. आजही डोळे मिटले की मला तिचा कुठला दरवाजा कसा कुरकुरायचा ते ऐकू येतं. मी पुढे यापेक्षा मोठ्या कचेऱ्यांत बसलो, एसीत बसलो. पण सुखात म्हणाल तर त्या बोटीवर होतो.

उजव्या इंजिनाचे नखरे सांभाळायचा पेटी ऑफिसर मिलिंद गायकवाड. विठ्ठलवाडीचा. ड्युटीवर आमचं बोलणं हिंदी-इंग्रजीत. संध्याकाळी मात्र तो हात पुसत डेकवर यायचा आणि मराठी सुरू. आम्हा डोंबिवलीकरांना तो फार चिडवायचा. म्हणायचा, सर, तुम्ही लोक कल्याणच्या पुढे जग आहे हे मानतच नाही. मीही सोडायचो नाही. म्हणायचो, गायकवाड, तुमच्या विठ्ठलवाडीला लोक झोप लागली म्हणून उतरतात. बोटीबद्दल तो घरच्या माणसासारखं बोलायचा. आज रुसलीय, आज हसतेय. आईला फोन केला की स्वतःच्या तब्येतीआधी बोटीची तब्येत सांगायचा. मला हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं वाटायचं, पण एकटा असलो की मीही तिच्याशी बोलायचो.

त्या दिवशी आम्ही गस्तीवरून परतत होतो. समुद्र शांत, दुपारचं जेवण नुकतंच उरकलेलं. इंटरकॉम वाजला.

"ब्रिज, इंजिन रूम. फायर, फायर, फायर." आवाज गायकवाडचा. पुढचं तो मराठीत बोलला. "सर, उजव्याची फ्युएल लाइन फुटलीय. पोरांना वर पाठवतोय."

"तुम्हीपण वर या."

"व्हॉल्व्ह बंद करतो आणि येतो, सर."

दोन पोरं वर आली, भुवया जळालेली, पण धडधाकट. त्यांच्या मागोमाग स्फोट झाला. शिडीच्या तोंडातून ज्वाळा बाहेर आल्या. फायर पार्टी दोनदा आत शिरायला गेली आणि दोनदा परतली. तिसऱ्यांदा मी त्यांना अडवलं. स्फोटाने पाण्याखालचा पत्राही फाटला होता. पंप चालू, होज चालू, माणसं जिवाच्या आकांताने भिडलेली. तरी बोट उजवीकडे कलतच गेली. उन्हं उतरली तेव्हा मी आयुष्यात एकदाच दिलेली ऑर्डर दिली. अबँडन शिप.

माणसं मोजून राफ्टमध्ये उतरवली. कॅप्टन शेवटचा उतरतो, तसा मी मागे राहिलो. माझ्याबरोबर कॉक्सवेन नायर. कॉक्सवेन म्हणजे जहाजावरचा सर्वांत जुनाजाणता चीफ, कॅप्टनचा उजवा हात. मी रेलिंग धरून उभा होतो आणि ते माझ्याने सोडवत नव्हतं. खाली गायकवाड होता. नायरने माझा दंड धरला. म्हणाला, "सर. अब चलिए." मी उतरलो.

ती बुडताना फारसा आवाज झाला नाही. आधी मागची बाजू गेली, मग नाक वर आलं, मग तेही गेलं. पाण्यावर तेल राहिलं आणि गॅलीतले दोन-चार पांढरे ट्रे. माझ्या छातीत असं काही तुटलं की मला श्वास घेता येईना. आणि त्याच वेळी स्वतःची लाज वाटत होती. आपला माणूस गेलाय आणि आपण बोटीसाठी तुटतोय? मी दात आवळले आणि समोर बघत बसलो.

मदतीला दुसरं जहाज आलं तोवर अंधारलं होतं. त्यांच्या डेकवरून रीतसर हाक आली, "बोट अहोय!" आत कोण आहे, असं विचारायची ही नौदलाची जुनी पद्धत. ऑफिसर असेल तर एक उत्तर, सेलर असतील तर दुसरं. पण खुद्द कॅप्टन आत असेल, तर उत्तरात फक्त त्याच्या जहाजाचं नाव द्यायचं. कॅप्टन आला म्हणजे जहाज आलं, असा त्याचा अर्थ. कुठलं नाव द्यायचं आता? नायर उठून उभा राहिला आणि सगळा जीव एकवटून ओरडला, "वाशिष्ठी!"

वरून शिट्टी वाजली. कॅप्टनला देतात ती मानवंदना त्यांनी मला दिली. मी ओल्या कपड्यांत, अनवाणी सॅल्यूट केला.

चौकशी झाली, कुणावर ठपका आला नाही. मी मात्र कुणाशी बोटीचा विषय काढायचो नाही. बायकोने विचारलं तर उठून गॅलरीत जायचो. सिव्हिलियन मित्र समजूत घालायचे, अरे, सरकार नवीन देईल. त्यांचं चुकत नव्हतं, पण थोबाडीत द्यावीशी वाटायची.

मग विठ्ठलवाडीला गेलो. चाळीतली खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी गणवेशातला मिलिंद. त्याची आई समोर जमिनीवर बसली. मी काय घडलं ते क्रमाने सांगितलं. शेवटी तिने विचारलं की ती दोन पोरं बरी आहेत का. मी म्हटलं, बरी आहेत, ड्युटीवर परतलीत.

"आणि तुमची बोट?"

"बुडाली, आई."

"तुमचा लई जीव होता म्हणे तिच्यावर. मिलिंद सांगायचा."

मी म्हणालो, "तुमचा मुलगा गेलाय. बोटीचं काय घेऊन बसता? लोखंड होतं ते."



"लोखंड नका म्हणू तिला, साहेब," ती म्हणाली. "माझं पोरगं तिच्यापाशी आहे. एकटं नाही ते."

मी त्या खोलीत, त्या बाईसमोर, लहान पोरासारखा रडलो. वाशिष्ठीसाठी रडलो, गायकवाडसाठी रडलो. कुणासाठी किती, ते आता वेगळं करता येत नव्हतं. तिने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि माझं होईस्तोवर थांबली.

आता रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. दरवर्षी त्या तारखेला मी डोंबिवलीहून स्कूटर काढतो आणि विठ्ठलवाडीला जातो. गायकवाडच्या आई आता थकल्यात, डोळ्यांना कमी दिसतं. तसबिरीपुढे त्या स्वतःच्या हाताने दोन मेणबत्त्या लावतात. यंदा समोरच्या खोलीतली नवी सून आली होती. तिने विचारलं, दुसरी कुणाची?

"आमच्या बोटीची," आईंनी सांगितलं, आणि मला जवळ बसायला जागा केली.